पाच पायऱ्या आणि सहा हात

ताई,

मला अगंतुगं केलंत तरी चालेल. मी 38 वर्षांची, डोंबिवलीत राहते, बँकेत नोकरी करते. 2021 च्या पावसाळ्यात नवऱ्याच्या मागे स्कूटरवर बसले होते. खड्ड्यात गाडी उलटली आणि माझ्या पाठीच्या कण्याला मार बसला. कमरेखाली हालचाल नाही, संवेदना नाही. दीड वर्षाने कामावर रुजू झाले. बँकेत रॅम्प आहे, माझं टेबल तळमजल्यावर आहे, तिथं माझं काही अडत नाही. अडतं ते घरी.

आमची इमारत 1996 ची, चार मजली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, मी, मिस्टर, मुलगा आणि सासूबाई. फ्लॅटवर पहिलं नाव माझं आहे, हप्ताही माझ्याच पगारातून जातो. लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत पोचायला पाच पायऱ्या. रोज सकाळी सव्वानऊला वॉचमन आणि सोसायटीतली दोन मुलं मला उचलून खाली ओळखीच्या ओम्नीत बसवतात आणि संध्याकाळी परत वर घेतात. माणसं चांगली आहेत, कधी कुरकुर नाही, पैसे तर घेतच नाहीत. पण एखाद्याची परीक्षा असते, वॉचमनची पाळी बदलते, मग मी ओम्नीतच बसून राहते. परवा पाऊण तास बसले. बाथरूमची वेळ टळली आणि पुढं काय झालं ते लिहीत नाही. आता मी दुपारनंतर पाणीच पीत नाही.

गेल्या वार्षिक सभेत मिस्टरांनी रॅम्पचा विषय काढला. मी नव्हते. सभा गच्चीवर असते आणि लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंतच जाते. लोक म्हणाले, तीन स्कूटरची जागा जाईल. कुणी म्हणालं, दर्शनी भागाची शोभा जाईल. कुणी म्हणालं, एका माणसासाठी सगळ्यांनी खर्च का करायचा. एकाने आम्हाला तळमजल्याचं घर भाड्याने बघायला सुचवलं. शेवटी चेअरमनकाका उठून म्हणाले, "अरे, आपण सगळे आहोत ना तिला उचलायला! घरचीच आहे ती." टाळ्या पडल्या म्हणे आणि विषय संपला.

मला त्या रात्री झोप नाही. राग आला आणि रागाची लाजही वाटली. सासूबाई म्हणतात, ज्यांनी इतके दिवस उचललं त्यांच्याशी वाकडं घेऊ नकोस, उद्या कोण हात लावेल? त्यांचे स्वतःचे गुडघे गेलेत, त्या त्याच पायऱ्या कठडा धरून आडव्या होऊन उतरतात. गणपतीत आरती खाली असते. मी जात नाही, प्रसाद वर येतो. मी कृतघ्न आहे का? की सरळ घर बदलावं?

— ज्योत्स्ना (नाव बदललं आहे)


ज्योत्स्ना,

आधी पाण्याचं बोलू, मग पायऱ्यांचं. पाणी तोडू नकोस. कण्याची दुखापत झालेल्या माणसाला लघवीचा जंतुसंसर्ग लवकर होतो आणि पाणी कमी पडलं की त्याला आयतंच फावतं. त्यात संवेदना नसल्यामुळे जळजळ कळत नाही. कळतं ते हुडहुडी भरून ताप आला की, म्हणजे उशिराच. डॉक्टरांना जाऊन आहे तसं सांग, की मला वेळेवर घरात शिरायची खात्री नसते म्हणून मी पाणी पीत नाही. "पाणी थोडं कमी होतं" असं गुळमुळीत नको. पाण्याच्या आणि कॅथेटरच्या वेळा ते नव्याने बसवून देतील, बँकेतून निघण्याआधीची एक वेळ त्यात धरतील. रॅम्पचा उतार व्हायचा तेव्हा होवो, हे याच आठवड्यात कर.

आता कृतघ्नपणाचं.

मी 62 वर्षांची आहे. दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला, आमच्या पिढीत गल्लीत एखादं तरी तसं मूल असायचंच. (देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी 2011 मधला. तुझ्या मुलाने पायाला लावायचे कॅलिपर पाहिलेसुद्धा नसतील.) सातवीत असताना तालुक्याच्या निबंध स्पर्धेत माझा पहिला नंबर आला. बक्षीस समारंभाला स्टेज बांधलं होतं, चढायला चार फळ्यांच्या पायऱ्या, कठडा नाही. माझं नाव पुकारलं. मी कुबड्या सावरून उठतेय तोवर पीटीचे सर धावत आले, मला उचललं आणि थेट पाहुण्यांसमोर नेऊन धरलं. कुबड्या खालीच राहिल्या. फ्रॉक गुडघ्यांच्या वर गेला होता आणि दोन्ही हातांनी मी सरांचा खांदा पकडलेला, म्हणजे फ्रॉक खाली ओढायला हात शिल्लक नव्हता. टाळ्यांचा कडकडाट झाला. घरी परतताना आई कौतुकानं म्हणाली, "बघ, सरांना केवढ्या टाळ्या पडल्या!" ती सहज बोलून गेली. पण बक्षीस निबंधाचं होतं.

सर मनाचे फार चांगले होते. मी त्यांची आजही आभारी आहे, आणि त्या स्टेजला कठडा का नव्हता हा रागही पन्नास वर्षं तस्साच आहे. दोन्ही एकाच मनात मजेत नांदतात. आभार माणसांचे असतात, राग फळ्यांचा असतो. तू त्या दोन मुलांची ऋणी आहेस म्हणून पाच पायऱ्यांचीही ऋणी असायला हवंस, असं थोडंच आहे?

एक हिशेब करून बघ. दिवसातून दोनदा, महिन्याला साधारण 25 दिवस, म्हणजे वर्षाला 600 वेळा तू स्वतःच्या घरात जाण्यायेण्याबद्दल कुणाला तरी 'थँक्यू' म्हणतेस. चेअरमनकाका किती वेळा म्हणतात? ते देखभाल खर्च भरतात आणि वर जातात. तूही भरतेस. "घरचीच आहे ती" हे वाक्य प्रेमाचं असेल, मी शंका घेत नाही. पण घरच्या माणसाला उंबरठ्यावर पाऊण तास ताटकळत ठेवत नाहीत.

उचलण्यात आणखी एक गोष्ट असते, तिच्याबद्दल बाया सहसा लिहीत नाहीत आणि तूही लिहिलेली नाहीस. अंगाला कुणाचा हात कुठे लागावा हे आपल्या हातात राहत नाही. तुझ्या बाबतीत तसं काही घडलंय असं मी सुचवत नाही. पण मुंबईच्या, व्हीलचेअर वापरणाऱ्या विराली मोदींनी 2017 मध्ये रेल्वेच्या डब्यात चढवताना हमालांनी केलेल्या लगटीबद्दल जाहीरपणे लिहिलं, तेव्हा आम्हा कित्येकींना वाटलं, चला, कुणीतरी बोललं एकदाचं. त्याच विराली 2023 च्या ऑक्टोबरात स्वतःच्या लग्नाची नोंदणी करायला गेल्या. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, सह्या घ्यायला कुणी खाली यायला तयार नाही. नवरीला जिन्यावरून उचलून न्यावं लागलं. बोभाटा झाला, तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी माफीही मागितली. "मी पडले असते तर?" हा विरालींचा प्रश्न होता. तुलाही तो विचारायला हरकत नाही, कारण पायांची हालचाल थांबली की हाडं ठिसूळ होत जातात आणि तू पडलीस तर पाय मोडल्याचं तुला दुखून कळणारही नाही.

म्हणून उतार होईपर्यंत उचलायची पद्धत आजच बदल. तुला हातांवर उचलून घेणं बंद. तू खुर्चीतच बसायचं, कमरेला पट्टा लावून. वर चढताना खुर्चीची पाठ पायऱ्यांकडे. सगळ्यात दणकट माणूस मागे मुठींना धरून, खुर्ची मागे कलती करून, मोठी चाकं एकेका पायरीवर ओढून घेणार. दुसरा पुढून खुर्चीच्या मुख्य सांगाड्याला धरणार. हातटेकू किंवा पावटेकू धरायचा नाही, ते निघून हातात येतात. उतरताना तुझं तोंड खालच्या पायरीच्या बाजूला, कल तसाच मागे, एकेक पायरी. आणि हात लावायच्या आधी "तयार?" असं विचारायचं, तू "हो" म्हटल्यावरच हलायचं. तुझ्या फिजिओथेरपिस्टना एका रविवारी घरी बोलावून त्या तिघांना हे दाखव. मुलांना आवडेल ते, शिकवलेलं काम करायला सगळ्यांनाच बरं वाटतं. वॉचमनलाही कधीतरी एकांतात विचार, पाठ दुखते का म्हणून. त्याला राखणीचा पगार मिळतो, दिवसातून दोनदा माणूस आणि खुर्ची मिळून 75-80 किलो पेलायचा नव्हे. उतार झाला तर तुझ्या खालोखाल त्यालाच सुटल्यासारखं वाटेल, पण सभेत त्याला मत नाही.

आता उताराकडे येऊ. इथं तुला स्वतःला थोडं गणित यायला हवं, नाहीतर लोक तुला भलताच उतार बांधून देतील आणि वर सत्काराला बोलावतील.

केंद्र सरकारच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक मानकांत उताराचं प्रमाण 1:12 दिलंय, म्हणजे एक इंच चढायला 12 इंच लांबी. पायरी सहा इंची धरली तर पाच पायऱ्यांचे 30 इंच होतात, म्हणजे 30 फूट उतार. सात इंची निघाली तर 35 फूट. ऐकून सगळ्यांचे डोळे पांढरे होतात, तुझेही झाले असतील. पण हा आकडा आधी माहीत असलेला बरा, कारण सोसायट्या करतात काय, तर पायऱ्यांच्या कडेला सिमेंटची घसरगुंडी ओततात, तिच्यावर चकचकीत टाइल बसवतात आणि "झाला रॅम्प" म्हणून मोकळ्या होतात. आमच्याकडच्या एका दुकानाचा रॅम्प असा आहे की त्यावरून शेळीही बिचकून उतरेल. त्यावर व्हीलचेअर घातली तर चढताना मागे उलटते आणि उतरताना समोरच्या रस्त्यावर नेऊन सोडते. ऑनलाइन मिळणाऱ्या आठ फुटी घडीच्या पत्र्याचंही तेच. तो एका-दोन पायऱ्यांसाठी असतो, तुझ्या पाचांवर टाकला तर चढण चौपटीच्या आसपास जाते.

30 फूट सरळ जागा नसेल तर उतार मध्ये वळवतात. पंधरा फूट गेलं, खुर्ची वळेल एवढी पाच फुटी सपाट जागा, मग परत पंधरा फूट. रुंदी चार फूट. दोन्ही बाजूंना कठडा, कडेला चाक घसरू नये म्हणून छोटी बांधीव कड, पृष्ठभाग खरबरीत. अशा वळत्या उताराला साधारण एका मोटारीच्या पार्किंगपेक्षा थोडी जास्त जागा लागते. बाजूच्या भिंतीलगत सरळ गेला तर चार फुटी पट्टा पुरतो, आणि माझा अंदाज आहे की तुमच्या त्या तीन स्कूटर नेमक्या तिथंच उभ्या असणार. स्कूटर दहा फूट पलीकडे लावली तर तिला काही होत नाही. जागा खरोखरच नसेल तर दुसरा मार्ग आहे उभ्या लहान लिफ्टचा. खुर्ची मावेल एवढा प्लॅटफॉर्म, तो तीन फूट वर जातो आणि थांबतो. जागा कमी लागते, पण वीज लागते, देखभालीचा करार लागतो आणि भारनियमनाच्या दिवशी बॅटरी लागते. दोन्हींची दरपत्रकं मागव आणि आर्किटेक्टला जागा दाखव, महापालिकेच्या परवानगीचं तोच बघेल. मला विचारशील तर जागा असेल तिथं उतारच. तो बंद पडत नाही.

शोभेचा मुद्दा निघेल तेव्हा ही एक गोष्ट सांग. 2001 च्या जानेवारीत व्हीलचेअर वापरणारे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले होते. त्यांना कुतुबमिनार आणि आणखी काही वास्तू बघायच्या होत्या. व्हीलचेअर तिथं जाणार कशी? जावेद आबिदी नावाचा माणूस, स्वतः व्हीलचेअरवर, अपंगांच्या हक्कांसाठी सरकारच्या सतत मागे लागलेला. त्यांनी रेटा लावला आणि पुरातत्त्व खात्याने लाकडी उतार टाकून दिले. शेकडो वर्षांच्या वास्तूंची शोभा त्यामुळे गेली नाही. 1996 च्या डोंबिवलीतल्या इमारतीची जाईल, हे मला जरा अवघडच वाटतं. अर्थात पाहुणा मोठा होता म्हणून उतार आला, हेही त्या गोष्टीत आहेच. इथल्या व्हीलचेअरवाल्यांनी त्याआधी कुतुबमिनार बघायची इच्छाच केली नसेल का?

"एका माणसासाठी" हे जे वाक्य आहे, त्याला लोक साधारण एकच उत्तर देतात: बघा, म्हातारी माणसं आहेत, बाबागाडी आहे, गॅस सिलिंडरवाला आहे, रात्री स्ट्रेचर न्यावं लागलं तर? उत्तर खरं आहे. तेही दे, त्याने मतं मिळतात. चारही मजल्यांवर कुणाकुणाचे गुडघे झालेत याची यादी सासूबाईंना तोंडपाठ असणार. पण मनातून तू त्या उत्तराच्या आधाराने उभी राहू नकोस. इमारतीत बाकी सगळे विशीतले पैलवान असते तरी तुझ्यासाठी उतार व्हायला हवा होता. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाख 63 हजारांहून जास्त अपंग माणसं मोजली गेली. त्यातला जवळजवळ प्रत्येकजण आपापल्या इमारतीत, चाळीत, वाडीत "एकच माणूस" असतो. या हिशेबाने कुठंच काही बांधायला नको.

पैशाचं नीट ऐक. "आम्ही सगळा खर्च करतो" असं घाईने बोलून बसू नका. तुम्ही दोघं सज्जन दिसता, मिस्टर उद्याच बोलून जातील. मग तो 'हिचा रॅम्प' होतो. त्यावर कुणी सायकली लावेल, कुणी कुंड्या ठेवेल, आणि तुम्ही घर सोडून गेलात की पहिला हातोडा त्याच्यावर. सोसायटीच्या पैशाने झालेली वस्तू सोसायटीची असते. फारच ताणलं तर सगळ्यांच्या वाट्यापेक्षा थोडा जास्त वाटा उचला, तोही सभेत, लिहून घेऊन.

आणि सभेत तू स्वतः असायला हवीस. मिस्टर चांगले बोलले असतील, पण ते बोलले "हिच्यासाठी", आणि समोरच्यांनी न बघितलेल्या बाईवर दया करून टाकली. सचिवांना अर्ज दे, पुढचा मजकूर जसाच्या तसा चालेल:

"मी सोसायटीची सभासद असून व्हीलचेअर वापरते. प्रवेशद्वार ते लिफ्ट यांदरम्यान पाच पायऱ्या असल्यामुळे मला स्वतःच्या घरी स्वतंत्रपणे ये-जा करता येत नाही. तेथे 1:12 प्रमाणाचा उतार किंवा त्यास पर्यायी व्यवस्था करण्याचा विषय आगामी सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. तसेच सभा मला उपस्थित राहता येईल अशा ठिकाणी घ्यावी."

एवढंच. "उपकृत करावे ही नम्र विनंती" हे शेपूट लावायची आपल्या हाताला सवय असते, ते या वेळी राहू दे. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घे. विषय "ऐनवेळचे विषय" मध्ये ढकलू देऊ नकोस. तिथं पोचेपर्यंत लोकांच्या पोटात कावळे ओरडत असतात आणि सगळ्यावर "पुढच्या सभेत बघू" होतं. वार्षिक सभा सप्टेंबरअखेर व्हावी लागते. तोवर थांबायचं नसेल तर एक पंचमांश सभासदांच्या सह्यांनी विशेष सभेची लेखी मागणी करता येते, मग समितीला ती महिन्याभरात बोलवावी लागते. ठिकाण म्हणून दुसऱ्या मजल्याचा पॅसेज सुचव, नाहीतर तुझा हॉल. जागा अपुरी पडली तर पडू दे, मागचे दारात उभे राहतील. ठराव झाला किंवा फेटाळला, काहीही झालं तरी ते इतिवृत्तात कारणासकट यायला हवं. "चर्चा झाली" एवढंच लिहिलेलं इतिवृत्त कायम होत असताना हात वर करून हरकत घ्यायची.

सगळं करून नकारच आला तर? मी वकील नाही, पण या वाटेवर बरेच जोडे झिजवलेत. अपंगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. वाजवी सोय नाकारणं हाही भेदभावच, असं त्याच्या व्याख्येतच म्हटलंय. समाजात इतरांसारखं राहण्याचा हक्कही त्यात आहे. मेख अशी, की इमारती सुगम करण्याची जी मुदतबंद सक्ती आहे ती सार्वजनिक इमारतींबद्दल, म्हणजे सरकारी असो वा खाजगी, जिथं सर्वसामान्य लोकांचा वावर असतो अशा जागांबद्दल. राहत्या सोसायटीला ती सरळ लागू होते असं कुणी छातीठोक सांगितलं तर त्याची फी आधी देऊ नकोस. राजीव रतुरी नावाच्या दृष्टिहीन गृहस्थांनी 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिच्यात 8 नोव्हेंबर 2024 ला न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे निकष निव्वळ शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, किमान निकष सक्तीचे करा. एकोणीस वर्षं लागली हे सांगायला. म्हणजे वारं आपल्या बाजूने वाहतंय, पण शिडात भरायला वेळ लागतो.

व्यवहारात तुझ्या हाताशी दोन दारं आहेत. एक, सहकार खात्याचे उपनिबंधक, म्हणजे सभा नीट बोलावली नाही, विषय घेतला नाही, इतिवृत्त दिलं नाही, असल्या तक्रारींसाठी. दुसरं, पुण्यातलं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. तिथं हक्क डावलल्याची लेखी तक्रार करता येते आणि समोरच्याला बोलावून म्हणणं मांडायला लावण्याचे अधिकार आयुक्तांना आहेत. शेवटी येते ती शिफारस, पोलिसाचा दंडुका नव्हे. तरीही सोसायटीच्या पत्त्यावर आयुक्तालयाचं पाकीट आलं की स्कूटरना जागा सापडते, असा माझा अनुभव आहे. तुझं युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, निघालं नसेल तर आधी ते काढ. (अपंग म्हणायचं की दिव्यांग, यावर आमच्यात वाद चालू असतो. मी दोन्ही वापरते. पायऱ्या दोन्हींना तेवढ्याच.)

पण थेट तक्रारीने सुरुवात करू नकोस. तुझ्या पत्रातली माणसं वाईट नाहीत, त्यांनी कधी बसून विचार केलेला नाही इतकंच. अर्जाआधी चेअरमनकाकांना घरी बोलाव. चहा दे. मग म्हण, "काका, उद्या संध्याकाळी मी कामावरून आले की खाली या, आणि ओम्नीत माझ्याशेजारी बसा. आज मुलं नाहीत असं समजू. वर कधी जायचं ते मी सांगेन." आले तर उत्तम. वीस मिनिटांत माणूस घड्याळ बघायला लागतो. नाही आले तरी तू विचारलंस हे त्यांच्या डोक्यात राहील.

घर बदलायचं का? बदलायचंच असेल तर बदल, मोठं घर हवं म्हणून, शाळा जवळ हवी म्हणून, डोंबिवलीच्या खड्ड्यांना कंटाळलीस म्हणून. पायऱ्यांनी हाकललं म्हणून नको. निदान एकदा स्वतः सभेत बोलल्याशिवाय तरी नको. आणि बघायला जाशील तेव्हा माहितीपत्रकावर विसंबू नकोस, खुर्ची घेऊन जा. नव्या इमारतींतसुद्धा पार्किंगमधून लिफ्टकडे जाताना कुठूनशा दोन पायऱ्या उगवलेल्या असतात आणि बिल्डरचा माणूस म्हणतो, "मॅडम, दोनच तर आहेत." तळमजल्याच्या भाड्याच्या घराचा सल्ला देणाऱ्या गृहस्थांना यातलं काही माहीत असण्याचं कारण नाही. त्यांना उत्तरही देऊ नकोस, तुझी शक्ती वाचव.

सासूबाईंचं राहिलं. उद्या कोण हात लावेल, ही त्यांची भीती खोटी नाही. गावात, वाड्यात, चाळीत माणसं एकमेकांच्या हातांवरच तरली. त्या तशाच जगात वाढल्या. त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांना एवढंच विचार, की आई, तुम्ही त्या पायऱ्या आडव्या होऊन उतरता, तेव्हा कुणाला हाक का मारत नाही? त्या काय म्हणतात ते नीट ऐक. मला वाटतं, त्यांना तुझं म्हणणं आधीपासून कळलेलं आहे, पण स्वतःसाठी मागायची त्यांना सवय नाही.

रविवारी मुलाला टेप देऊन खाली पाठव. प्रत्येक पायरीची उंची, बाजूच्या भिंतीची लांबी, स्कूटर उभ्या असतात त्या जागेची रुंदी, सगळं इंचात लिहून आण म्हणावं. टेपचं दुसरं टोक आजीला धरायला सांग. आकडे आले की मला कळव, 30 फूट निघतात की 35 ते बघू.